बेसमेंटमधल्या छोट्या खुर्च्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधीरला, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. तुला का सांगतेय? कोण जाणे. ऐक फक्त.

माझा धाकटा भाऊ नितीन इथेच, इलिनॉयच्या तुरुंगात आहे. आमच्या गावात, शॉमबर्गमध्ये, आम्ही सगळ्यांना सांगतो, तो टेक्सासला असतो. त्यानं एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. आळ नव्हता तो — कोर्टात स्वतः कबूल केलं त्यानं. ती मुलगी आजही माझ्या मनातून जात नाही. तेव्हा भावाच्या नावानं रडगाणं मी गाणार नाहीये.

पण सुटकेची तारीख जवळ आली. इथला कायदा असा, की अशा माणसाला सोडायचं तर तो राहणार ते घर आधी मंजूर व्हायला हवं. शाळेजवळ नको, मुलांचे वर्ग चालतात तिथे नको. घर नाही तर तारीख उलटली तरी आतच. त्याचं इथे माझ्याशिवाय आहे कोण? त्यानं माझा पत्ता दिला. मी हो म्हटलं. नागपूरला आई फोनवर रडली, तिलाही हो म्हटलं.

मग मी ती सरकारी रजिस्ट्री, अशा गुन्हेगारांची इंटरनेटवरची यादी, उघडून बघितली. फोटो, नाव, गुन्हा — आणि खाली पत्ता. कुणीही बघावा. माझा पत्ता! ज्या घरी गणपतीला इथलं अख्खं मराठी मंडळ जेवून जातं! मंडळातल्या देशमुख काकू काय म्हणतील? हसू नकोस, हेच आलं मनात. लेक तर केव्हाच नोकरीला लांब दुसऱ्या राज्यात, बॉथेलला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मला भीती नितीनची नव्हतीच. त्या पत्त्याची होती.

सरळ नाही म्हणता आलं असतं ना? तू जे केलंस त्यानंतर माझ्या घरात नाही — एवढंच? पण त्यालाही हिंमत लागते. माझ्यात कुठली.

आमच्या बेसमेंटमध्ये पूर्वी रविवारची मराठी शाळा भरायची. बंद पडून वर्षं झाली. सुटणाऱ्या कैद्यांवर देखरेख ठेवणारी पॅरोल ऑफिसर घर बघायला येणार त्या सकाळी, सुधीर ऑफिसला गेल्यावर, मी गराजमधून छोट्या खुर्च्या खाली नेल्या. पुसल्या. गोल मांडल्या. बाराखडीचा तक्ता लावला. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं — ते वाचणार कोण होतं? तरी लिहिलं.

ऑफिसर भली बाई होती. मुलं येतात का, तिनं विचारलं. दर रविवारी, मी म्हटलं. संपलं. घर नामंजूर. ती गेल्यावर मी खुर्च्या परत गराजमध्ये ठेवल्या. सुधीरला आणि आईला सांगितलं, जवळच पाळणाघर निघालंय म्हणे, कायद्यात बसत नाही.

नितीनला मात्र पॅरोलवाल्यांनी खरं कारण सांगितलं. म्हणजे माझं खोटं. तो फोनवर म्हणाला, “ताई, माझ्यासाठी शाळा बंद नको करूस हं.” दुसरं कुठलं घर मिळालं नाही. तारीख केव्हाच उलटली, तो अजून आत आहे.

दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. फार बोलत नाही. मला उशीर नको म्हणून स्वतःच म्हणतो, ठेवतो ताई, तुझा वर्ग असेल.

मी म्हणते, हो. आहे.