बंदुकीच्या कपाळाचं कुंकू

आमचे सांडूदाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, गारखेड्यात एका पतसंस्थेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतेत. बंदूक स्वतःची, लायसन स्वतःचं. उभ्या नोकरीत त्यांनी एक गोळी उडवली नाय. एकदा आत माकड शिरलं, तर त्याला बी त्यांनी आधी कायदेशीर इशारा दिला. माकड कंटाळून आपलं आपण गेलं.

कायद्याचं लई वेड त्या माणसाला. बंदूक घेऊन जाताना पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, हे त्यांना आरतीसारखं पाठ. गाडी बंद करायची. हात गुडघ्यावर, दिसतील असे. खिशात हात घालायचा नाय. बंदूक हाय, खोळीत हाय, रिकामी हाय, कागद अमुक खिशात हायत, असं आपणहून सांगायचं आणि साहेब म्हणतील तेव्हाच हलायचं. आता हे सगळं बरोबरच हाय, मी नाय म्हणत नाय. पण इतक्या वर्षांत त्यांना एका बी पोलिसानं धड थांबवलं नव्हतं. खोळ बघून “काय, ड्युटीला का?” एवढं विचारायचे आणि सोडून द्यायचे. दाजी तोंड पाडून घरी यायचे. मग माझ्या रिक्षात बसून तालीम. मी पोलीस, ते दाजी. मी वैतागलो की म्हणायचे, रामकिसन, तुला कायद्याची कदर नाय. मला माझ्या भाड्याची कदर होती, पण बहीण दिली हाय तिथं बोलायचं किती?

माझी बहीण आवडाबाई, आमची अक्का, त्या बंदुकीला सवत म्हणते. माझ्या डोक्याला तेल नसलं तरी हिच्या नळीला असतंय, असं तिचं गाऱ्हाणं. पण दसरा आला की तीच सवतीला मांडीवर घेणार. चिंच आणि राख लावून अशी घासणार की देवघरातला तांब्या बरा. दाजी शेजारी बसून बोंबलतेत, अगं लोखंड हाय ते, आंबट लावू नको. ऐकतंय कोण? घासून घासून कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलं. मग हळद, कुंकू, झेंडूची माळ, वर आपट्याचं पान.

यंदा दसरा झाला न झाला तोच आचारसंहिता लागली. लायसनवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करा, असा हुकूम आला. दाजींचं लायसन अजून गावच्या पत्त्यावर, त्यामुळं जमा करायची बिडकीनला. पतसंस्थेनं सूट मागितली होती, तिच्या उत्तराची वाट बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या आत बंदूक पोचली नाय तर लायसन जाणार. आणि लायसन गेलं की दाजींच्या हातात राहणार काठी. पतसंस्थेत काठीवाले दोघं आधीच हायत, तिसरा कोणाला नको होता. पोटाचा सवाल होता, म्हणून मी बी त्या दिवशी भाडं सोडलं.

अक्का म्हणाली, मी बी येते, सवतीला वाटं लावायला. रिक्षात मागं दाजी, मधी खोळ, पलीकडं अक्का. असे आम्ही पैठण रोडला लागलो.

रस्त्यात नाकाबंदी. निवडणुकीची रोकड आणि दारू तपासत होते. बद्रीनाथ नावाचा हवालदार शेंगदाणे खात खात आला, मागं वाकून बघितलं आणि आम्हाला ‘जा’ म्हणून हात करणार, तेवढ्यात दाजींनी पतसंस्थेच्या दारातला आवाज काढला.

“साहेब! मी सशस्त्र आहे!”

घरी ‘हाय’ म्हणणारा माणूस तिथं ‘आहे’ म्हणाला, ते वेगळंच. बद्रीनाथचे शेंगदाणे रस्त्यावर आणि बद्रीनाथ बॅरिकेडच्या मागं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागं ट्रक, टेम्पो, उसाचा ट्रॅक्टर असं सगळं तुंबलं. एक टेम्पोवाला वर चढून मोबाईलवर शूटिंग करायला लागला. दाजी पुढचं म्हणतच होते, बंदूक खोळीत आहे, रिकामी आहे, कागद डाव्या खिशात आहेत. पण हॉर्नच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाय. मी दोन्ही हात हँडलवर ठेवून बसलो. डोकं असं फिरलं होतं माझं, म्हणलं, काय गरज होती? सोडतच होता की तो!

मग मेघा मॅडम आल्या. तरण्या फौजदार, पण डोकं थंड. त्यांनी दाजींचे गुडघ्यावरचे हात बघितले, सगळं म्हणणं पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

“बाबा, तुम्ही अगदी बरोबर केलं,” त्या म्हणाल्या. “फक्त जरा हळू सांगायचं होतं.”

दाजींची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जातंय का काय वाटलं. लायसन चोख निघालं. मॅडमनी बंदूक बाहेर काढून उघडून बघितली, रिकामी. राहिला नंबर ताडून बघायचा. मॅडमनी नळीच्या बुडाशी बघितलं, उलटी करून बघितलं, टॉर्च लावला. नंबर दिसेचना. तिथं कुंकवाचा जाड थर बसला होता, वर्षानुवर्षं तेलात मुरलेला, डांबरासारखा घट्ट.

नंबर खोडून वर काहीतरी थापलंय असं वाटून मॅडमचा आवाज बदलला. नंबर खोडलेली बंदूक म्हणजे साधी गोष्ट नाय, जप्त करावी लागेल, गुन्हा दाखल होईल. दाजींना हे मॅडमपेक्षा आधीपासून ठाऊक होतं. त्यांचं तोंड राखेसारखं झालं. तालमीत हा भाग नव्हताच ना. मगाशी मनात शिव्या घालणारा मी, मला गलबलून आलं. हा माणूस आयुष्यात कधी सिग्नल तोडून पायी बी गेला नाय.

अक्का खाली उतरली. म्हणाली, नंबर हाय, कुंकवाखाली हाय. बंदूक घरात आली त्या दसऱ्याला मी ह्यांना विचारलं, हिचं कपाळ कुठं? हे म्हणाले, नंबर म्हणजे हिचं नाव. मग नावावर कुंकू लावलं. बाकी सगळं घासते, पण कपाळावर राख चोळतंय का कोणी?

बद्रीनाथ आता सावरला होता. तोच शेजारच्या टपरीवरून खोबरेलची पुडी घेऊन आला. दाजींनी रुमाल काढला आणि अक्कानं त्यांचा हात धरला.

“कुंकू पुसायचं नाय.”

तिच्या मनात काय आलं ते तिथं कोणाला सांगावं लागलं नाय. ज्या बंदुकीवर घर चाललं तिचं कुंकू पुसायचं, आणि ते बी धन्याच्याच हातानं? मी चिडून म्हणलं, अक्के, नोकरी चालली दाजींची. म्हणलं खरं, पण रुमाल माझ्या हातात दिला असता तर मी बी पुसलं नसतं.

मॅडम हळू बोलल्या. “मावशी, नंबर मला बघावाच लागंल. पण पुसा असं मी म्हणणार नाय.”

अक्कानं बंदूक जवळ ओढली. मग तिनं पुडी फोडली, बोटावर तेल घेतलं आणि त्या थरावर फिरवायला लागली, लेकराच्या टाळूला तेल जिरवावं तसं. कुंकू मऊ पडलं. बोटावर आलं तसं तिनं ते आपल्या कपाळाला लावलं. पुन्हा बोट फिरवलं, दाजींच्या कपाळाला लावलं. मग माझ्या. तरी उरलंच, एवढ्या दसऱ्यांचं होतं ते. तेव्हा बद्रीनाथनं टोपी काढून आपणहून कपाळ पुढं केलं.

“पुसलं नाय,” अक्का म्हणाली, “फक्त जागा बदलली.”

खाली नंबर होता. कंपनीचं नाव घासून गेलं होतं, पण नंबर कालच कोरल्यासारखा. मॅडमनी एकेक आकडा लायसनशी लावून बघितला, बंदूक खोळीत घातली आणि आम्हाला जायला सांगितलं. पळवली रिक्षा. बिडकीनला ठाणेदार आमची लाल कपाळं बघून म्हणाला, लग्नाहून आलात का? बंदूक जमा झाली, पावती मिळाली.

परत येताना दाजींना हातांचं काय करावं कळत नव्हतं. शेवटी सवयीनं गुडघ्यावरच ठेवले. नाकाबंदीवर बद्रीनाथनं मुद्दाम थांबवलं. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

“साहेब, मी निःशस्त्र आहे,” दाजी म्हणाले. ह्या वेळी अगदी हळू.

बद्रीनाथनं अक्काकडं बोट केलं. “मग ह्या कोण?”

“ह्यांचं लायसन लग्नातच निघालंय,” दाजी म्हणाले. “नंबर बी पाठ हाय.”

अक्कानं पदर तोंडाला लावला. मी किक मारली. तालीम न करता दाजी पोलिसाशी बोलले, ते एवढंच.