एकटीची सही

अंबरनाथ पूर्वेच्या त्या वस्तीत तुळशीला सांगितल्याशिवाय कुणाचं पोट वाढत नाही, असं बायका हसून म्हणायच्या. नऊ वर्षं ती तिथली आशाताई, घरोघर फिरणारी सरकारी आरोग्यसेविका. कुणाची पाळी चुकली, कुणाला उलट्या सुरू झाल्या, सगळं तिला नवऱ्याच्या आधी कळायचं. पोटातलं नको असेल तर तीच बाईला सरकारी दवाखान्यात न्यायची आणि दारातच बजावायची, "अगं, नवऱ्याची सही लागत नाही. कायदाच आहे तसा. तुझी एकटीची पुरे."

आणि अडतिसाव्या वर्षी हिचीच पाळी चुकली. अख्ख्या वस्तीला मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगत फिरली, स्वतःचं राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण ते काही आळसाने राहिलं नव्हतं. दोन्ही मुलीच, म्हणून सासू सखूबाई ऑपरेशनचं नाव काढू द्यायची नाही आणि नवरा दिपेश आईच्या शब्दाबाहेर नाही. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं की चार बाटल्या चढवाव्या लागल्या. हे मूल तुळशीला नको होतं. मरायची भीती वाटत होती, साधी गोष्ट.

इथल्या दवाखान्यात तिला शिपाईसुद्धा नावाने हाक मारतो. म्हणून ती उल्हासनगरला गेली. पाडायची गोळी मागितली तर मेडिकलवाल्याने हात जोडले, "बेहेन, वो गोली अब कोई नहीं रखता. लफडा कौन लेगा?" मग एक खाजगी डॉक्टर. त्यांनी गोड विचारपूस केली. मुलं किती? दोन. काय आहेत? मुली. झालं! पेन खाली ठेवलं.

"चाचणी कुठे केलीत?"

"नाही हो केली. आत काय आहे ते मला माहीतसुद्धा नाही."

"सगळ्या असंच म्हणतात."

"कायद्याने माझी एकटीची सही चालते, डॉक्टर."

"कायदा मलाही पाठ आहे, ताई. चौकशी आली की तुम्ही नसता, मी असतो. नवऱ्याला घेऊन या."

राग तरी कुणाचा करणार? चार वर्षांपूर्वी मुलगा की मुलगी ते सांगणारं एक सोनोग्राफी सेंटर तिनेच पकडून दिलं होतं. बरोबरच केलं होतं. पण तेव्हापासून दोन मुलींची आई दारात दिसली की डॉक्टर पेनच खाली ठेवतात. मुलगी नको म्हणणारी आणि मूलच नको म्हणणारी, दोघींना एकाच दोरीत बांधायचं. वा रे न्याय!

अकरावा आठवडा लागला. शेवटी झक मारत ती आपल्याच दवाखान्यात गेली. मायासिस्टर तिला पाहून हसल्या. "आज कुणाला आणलंस?"

"मलाच," तुळशी म्हणाली.

सिस्टरनी दार लोटलं, सगळं ऐकलं, तिचा हात हातात घेतला. "दोन मुलींवरचं, आणि तेही आशाताईचं? मुलगी पाडली म्हणून गावभर होईल गं. तुझं काम जाईल, माझी नोकरी जाईल. घाबरलीयेस तू. मी बोलते घरी."

"नको सिस्टर, पाया पडते तुमच्या."

पण नऊ वर्षांची ओळख, नंबर होताच. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी फोन लावला. "दिपेशभाऊ, गोड बातमी आहे. जरा घाबरलीये, येऊन घेऊन जा."

दिपेश भाड्याची गाडी करून आला. रिक्षात धक्के बसतात म्हणे. तो ओरडला असता, हात उगारला असता, तर तुळशीला भांडता तरी आलं असतं. तो तिचा हात धरून बसला आणि ड्रायव्हरला म्हणत राहिला, "हळू घ्या, भाऊ." मग तिला सांगितलं, उद्यापासून काम बंद, तुझ्या वरच्या मॅडमना कळवून झालंय. आणि दवाखान्यात जायचं तर आई सोबत येईल, एकटीने जायचं नाही.

सखूबाई दारातच उभी होती. "एकवीरेला नवस बोलून टाकलाय बाय मी. पोऱ्या झाला की पाच बकरे."

"आई, गेल्या वेळी मी मरत होते!" तुळशीला रडूच फुटलं. "तुम्ही होतात ना तिथे? बघितलंत ना डोळ्यांनी?"

सखूबाईने पदराने तिचे डोळे पुसले.

"म्हणून तर एक बकरा तुझ्या जिवासाठी वेगळा बोलले."