उगवतीकडे पाय

देवाने मला फसवले. मार्था बरी झाली तर चर्चवर नवे पत्रे घालीन, असे मी त्याला बोललो होतो. कांद्याच्या बाजारात माल पाहिल्याशिवाय मी कधी सौदा केला नाही. इथे मात्र पत्रे आधीच घातले, आणि बायको गेली.

ईस्टरच्या सकाळी तिच्या कबरीवर फुले ठेवायला गेलो, तेव्हाही डोके तापलेलेच होते. शेजारी राहेलमावशी नवऱ्याच्या कबरीच्या पायथ्याशी झाडून सडा घालत होत्या.

"मावशी, इथे सडा कुणासाठी?"

"यांच्यासाठी. उठल्यावर धुळीत पाय नकोत. जन्मभर घरात चिखल आणला या माणसाने!"

"उठणार कशावरून?"

"अरे, मेलेल्यांना उठवीन असा प्रभूने शब्द दिलाय. सगळ्यांचे पाय उगवतीकडे करून उगाच निजवलंय का? तो तिकडून येणार. उठले की समोरच!"

मार्थालाही तसेच निजवले होते. रागात मला ते दिसलेच नव्हते. एवढ्यात सूर्य वर आला. साऱ्या कबरींवर ऊन एकदम पसरले, आणि आता कुणीतरी कूस बदलेल असे वाटून मी मार्थाच्या कबरीकडे वाकून पाहिले. माझ्या सौद्याला देव कधी हो म्हणालाच नव्हता. हा शब्द मात्र त्याने आपणहून दिलेला.

"मावशी, तो झाडू द्या इकडे!"

मार्थाच्या पायथ्याशी झाडता झाडता मी वर पाहून ओरडलो, "देवा, पत्र्यांचे सोडून दिले. पण मार्था उठली पाहिजे. नाही उठली, तर जाब तुलाच द्यावा लागेल!"