चेक डोंगरातला ‘नो’

मी वरकुट्याचा, मराठा पलटणीतला निवृत्त हवालदार. जॉइंट ट्रेनिंगसाठी आमची बारा जणांची टीम चेक देशात गेली होती. डोंगराच्या पायथ्याचं गाव, चाळीसेक घरं, एक चर्च, लाकडाची वखार. सहाला उठणं, सातला पी.टी., आठला दोर आणि स्ट्रेचरचा सराव. माझा बडी, म्हणजे जोडीदार, नाईक सलीम मुलाणी, सुप्याचा. गावातल्या यान नावाच्या म्हाताऱ्या वनरक्षकाशी त्याचं खाणाखुणांवर छान जमलं होतं.

निघण्यापूर्वी दोन दिवस ब्रीफिंग झालं. काटा-चमचा कसा धरायचा इथपासून शिकवलं. भाषेसाठी अर्धा तास, त्यातही फक्त नमस्कार आणि आभार. त्याचा राग अजून जात नाही.

त्या दिवशी मार्चवर असताना बर्फाचं वादळ आलं. तेरा दहाला, म्हणजे दुपारी एक दहाला, खिंडीत मोजणी केली, तर सलीम नाही. पूर्वेला दरी, पश्चिमेला यानची लाकडी झोपडी. यानकडे आमचा एक रेडिओ सेट होता. मी विचारलं, "यान, सोल्जर विथ यू?"

खरखर झाली. मग म्हाताऱ्याचा आवाज, "नो! नो, नो!"

सेट बंद पडला.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "काय रिपोर्ट?"

"साहेब, त्याच्याकडं न्हाय."

"मग पूर्वेला चला."

पन्नास मिनिटं आम्ही दरीत हाका मारत फिरलो. चौदाच्या सुमारास खालून चेक लायझन ऑफिसर, म्हणजे दोन्ही सैन्यांमधला दुवा, वर आला. म्हाताऱ्यानं काय सांगितलं, ते मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो जागीच थांबला. म्हणाला, आमच्या चेक बोलण्यात ‘नो’ म्हणजे ‘हो’.

आम्ही पळत सुटलो. झोपडीत यान सलीमचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. झोपडीपाशीच घसरून सलीमच्या मांडीचं हाड मोडलं होतं, रक्त वाहिलं होतं. यानने कमरेच्या पट्ट्यानं पाय आवळला होता, पण म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं सलीमला उचलून आणणं शक्य नव्हतं. स्ट्रेचर आमच्याकडे होता, आणि आम्ही तो दरीत मिरवत होतो. आम्ही पोचण्याच्या दहा मिनिटं आधी सलीम गेला होता. यान माझ्याकडे बघून रागानं ओरडत होता. एक शब्द कळला नाही, पण काय म्हणायचं होतं ते कळलं.

रिपोर्टमध्ये ‘खराब हवामान’ लिहिलं गेलं. चूक माझी, असं मी लिहून दिलं, तर कागद परत आला. तेव्हापासून मी हात चोळत बसलोय.

सुप्याला सलीमच्या वडिलांना, हुसेनचाचांना, मात्र सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"माजं पोरगं एकटं व्हतं का?"

"न्हाय चाचा. म्हातारा शेवटपर्यंत जवळ हुता."

"तुमी खरं तरी सांगितलं. कागदात नुस्तं वाऱ्याचं नाव हाय." मग म्हणाले, "ह्यो शब्द दुसऱ्यांच्या पोरांस्नी शिकवा."

हल्ली बारामतीत भरतीच्या पोरांना शिकवतो. रेडिओवर उत्तर आलं की पुन्हा दुसऱ्या शब्दांत विचारायचं, हा माझा पहिला धडा. कुणी हसलं, की डोकं फिरतं. मग फळ्यावर लिहितो: नाईक सलीम मुलाणी, सुपे. आणि सांगतो, त्याचा ठावठिकाणा पहिल्याच मिनिटाला कळला होता. तरी तो वाट बघत गेला.