मामांचा ट्रान्झिस्टर

आपल्याला फसवण्यासाठीच देवानं जग निर्माण केलं आहे, यावर कुसगावच्या माझ्या मामांचा जेवढा विश्वास होता, तेवढा खुद्द देवावरही नव्हता. पेटीत पत्र टाकलं की ते आत पडलं का, हे पाहायला मामा बोटं घालून चाचपायचे. म्हैस डोळ्यांदेखत पिळली तरी दूध घेताना गवळ्याच्या बाह्या झटकून बघायचे. असा माणूस साठच्या त्या दशकात मला बरोबर घेऊन ट्रान्झिस्टर घ्यायला निघाला, तेव्हा लोणावळ्याच्या दुकानदाराची मला आधीच कीव आली.

घेणं तर भाग होतं. मामीला अर्धांगवायू झाला होता. डावा हात उचलत नव्हता, आणि दिवसभर खाटेवर पडून ती आढ्याकडे बघत राहायची. तेव्हा उजव्या हातात मावेल, एका अंगठ्यानं लावता येईल आणि मामांच्या खिशाला झेपेल असा रेडिओ हवा होता. दुकानदारानं एक मोठा आणि एक लहान, असे दोन संच लावून दाखवले. मामांनी आधी दोन्हींच्या खाली वाकून बघितलं, मग नजर छपराकडे नेली.

"वर तार लावलीया न्हवं? हितं वाजंल. आमच्याकडं डोंगराआड कशावरून वाजंल?"

"घरी नेऊन बघा," दुकानदार म्हणाला.

"म्हंजी बिघडला की आमच्या गळ्यात."

शेवटी बिचारा दुकानदारच दोन्ही संच पिशवीत घालून आमच्याबरोबर कुसगावला आला. मोठा खणखणीत वाजला, पण त्याची खुंटी मामीला एका हातानं फिरेना. लहान जरा खरखरला, तरी तिच्या अंगठ्यानं लागला. भजन ऐकताना ती कितीतरी महिन्यांनी हसली.

"ह्योच घ्या," ती म्हणाली.

"आवाज बारीक हाय त्याचा."

"घरात मोठा आवाज हाय की तुमचा."

लहानच घेतला. पुढं मामा बातम्याही तपासून घेऊ लागले. पाऊस येणार म्हटलं की अंगणात जाऊन आभाळ बघून येत.

श्रावणात डॉक्टर घरी आले. मामीची नाडी बघून म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागतील." त्यांचा चेहरा बघून मला काही ते खरं वाटलं नाही. मामांनी मात्र एकही प्रश्न विचारला नाही. मान डोलावली, डॉक्टरांना वेशीपर्यंत पोचवलं आणि येताना मामीसाठी नव्या वहाणा घेऊन आले.

नवरात्रात मामी गेली. मामांनी डॉक्टरांना कधी बोल लावला नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले,

"मानूस लय चांगलं बोलला."