आधी घरची चौकशी

सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघताना एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी उभा होता. यंत्रमाग दुरुस्त करणारा, बोटांना ग्रीस. टांझानियातल्या कापडगिरणीत कामाला निघालेला. कागदावरचे स्वाहिली शब्द घाबरून पुटपुटत होता.

"तितं कामाचं बोलायच्या आधी घरच्यांचं इचारावं लागतंय. न्हाय इचारलं तर माणूस दुखावतो म्हणं," तो म्हणाला. "माग बिघडला की आवाज करतो. माणसाचं कसं कळायचं वो?"

रिक्षा आली. चढता चढता तो वळला. "हबारी झा न्युंबानी? म्हंजे, घरी सगळे बरे हायत न्हवं?"

"बरे आहेत," मी म्हणालो. पिशवीत आईचे दवाखान्यातले रिपोर्ट होते.

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि रिक्षा जाऊ दिली.