उद्याचा श्लोक

कूलरला वाळ्याची नवी ताटी लावली की तिच्या ओल्या गंधाबरोबर मी मनाने रायपुरातील मुलींच्या त्या उन्हाळी संस्कृतवर्गात जातो. एके दिवशी पठण चालू असताना सुमनचे वडील उरला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून थेट तेथे आले.

“गुरुजी, पोट्टीचं लग्न जमलं. आता श्लोक शिकून काय करते?”

सुमन नववीत होती. तिने माझे पाय घट्ट धरले. “तुम्ही सांगा न बाबाले. तुमचं ऐकतेत ते.”

“पित्याची आज्ञा श्रेष्ठ,” एवढेच मी म्हणालो.

तिने पाय सोडले. “मग उद्याचा श्लोक आजच देऊन द्या.”

तो मी दिला.

आता देवापुढे हात जोडले की तेव्हा न उच्चारलेले एकच वाक्य ओठांवर येते: पोरीला शिकू द्या. ते ऐकणारे तिचे वडीलही आता राहिले नाहीत.